मृणालताईंचा पाठपुरावा

यंदाच्या अंकाचा विषय ‘सभागृहातल्या बायका’ असा ठरला आणि संपादकांनी नावांची भलीमोठी यादी पाठवली. तीत मंत्री झालेल्या होत्या, वडिलांची नाहीतर सासऱ्याची गादी चालवणाऱ्या होत्या, रोज टीव्हीवर दिसणाऱ्याही होत्या. मी बोट ठेवलं ते मृणाल गोरे या नावावर. विधानसभेत त्या दोनदा निवडून गेल्या आणि दोन्ही वेळा बसल्या विरोधी बाकांवर. त्यांच्या हाती सरकार नव्हतं, तिजोरी नव्हती, बदल्यांची यादी नव्हती. आज आमदाराचं वजन ज्या गोष्टींवरून जोखलं जातं, त्यांतलं त्यांच्यापाशी फार थोडं होतं. तरीही गोरेगावात साठीपुढच्या कुणालाही विचारा, आमदार म्हटलं की पहिलं नाव येतं ते ताईंचं. असं का, हे बघायला मी गोरेगावला गेले.

स्टेशनच्या पश्चिमेला उतरून आरे रोडला लागलं की केशव गोरे स्मारक ट्रस्टची वास्तू लागते. आजूबाजूला टॉवर चढले आहेत, त्यांच्यापुढे ती बेताचीच वाटते. सभा, शिबिरं, व्याख्यानं असा इथला रोजचा राबता. मृणालताईंचं नाव मात्र वेगळ्याच ठिकाणी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: राममंदिर स्टेशनच्या बाजूच्या उड्डाणपुलावर. आयुष्यभर पालिकेच्या अधिकाऱ्यांना घेराव घालणाऱ्या बाईचं नाव पालिकेच्याच पुलाला! मुंबईत अशा गमती होतात.

डोंगराआड पाणी, नळ कोरडे

मुंबईचं पाणी आणि गोरेगाव यांचं नातं जरा चमत्कारिक आहे. शहराला नळानं पाणी देणारा पहिला तलाव म्हणजे विहार. तो १८६० साली बांधून झाला, गोरेगावच्या पूर्वेकडच्या डोंगरांमागेच. तुळशीही तिथेच. पुढे तानसाचं पाणी आलं, वैतरणेवर मोडकसागर बांधला गेला. ते साल १९५७, आणि त्याच वर्षी जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंतची गावं बृहन्मुंबईत आली. गोरेगाव त्यांत होतं. कागदोपत्री गाव शहर झालं, पण नळ गावाचेच राहिले. तलाव उपनगरांच्या पाठीशी आणि पाणी निघालेलं दक्षिणेकडे, अशी ही तऱ्हा होती.

मृणालताईंचं सार्वजनिक काम सुरू झालं ते या कोरड्या नळांपाशी. त्या माहेरच्या मोहिले, जन्म २४ जून १९२८. वैद्यकीचं शिक्षण सुरू होतं. हुशार विद्यार्थिनी, म्हणजे पुढचा रस्ता आखलेलाच. तो सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात उतरल्या. तिथेच केशव ऊर्फ बंडू गोरे भेटले, बेचाळीसच्या चळवळीतले कार्यकर्ते. दोघांचा विवाह आंतरजातीय, तोही चाळीसच्या दशकात. संसार थाटला गोरेगावात आणि काम सुरू केलं तिथल्याच गल्ल्यांत: गटारं, दिवाबत्ती, शाळा, ग्रामपंचायत. १९५८ मध्ये बंडू गेले. घरात लहान मुलगी होती. समाजवादी मित्रमंडळींचा गोतावळा आधाराला होता, हे खरंच. पण तिशीतल्या विधवेनं त्या काळात घर आवरून घ्यावं, हीच रीत होती. त्यांनी तीन वर्षांत पालिकेची निवडणूक लढवली आणि १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या.

आता पाणी मिळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? लोकांना वाटतं, मोर्चा नेला, घोषणा दिल्या, पाणी आलं. तसं होत नाही. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब कमी असतो. वाटेत ज्यांची जोडणी मोठी किंवा ज्यांच्याकडे पंप, ते पाणी ओढून घेतात. कुठल्या विभागाला किती वाजता आणि किती वेळ पाणी सोडायचं, हे पालिकेचा चावीवाला चावी फिरवून ठरवत असतो, आणि त्याला वेळापत्रक देणारा अभियंता वॉर्ड ऑफिसात बसतो. त्याच्याही वर मुख्य खातं, त्याच्यावर स्थायी समिती. झोपडपट्टीचा तर प्रश्नच वेगळा. जमीन ज्याची, त्याचा ना हरकत दाखला असल्याशिवाय पालिका नळ द्यायची नाही, आणि जमीनमालक तो दाखला कशाला देईल? माणूस तिथे दहा-पंधरा वर्षं राहतो, मतदान करतो, पण कायद्याच्या लेखी तो पाणी पीत नाही!

या साखळीतल्या प्रत्येक कडीला हात घालावा लागतो. बायकांचे हंडा-कळशी मोर्चे वॉर्ड ऑफिसवर जायचे, ते दिसायचं. त्यानंतरचं काम दिसायचं नाही. अभियंत्यानं सांगितलेली तारीख लिहून घ्यायची, ती टळली की पुन्हा जायचं, पालिकेच्या सभेत प्रश्न टाकायचा, उत्तर आलं की ते वस्तीत जाऊन वाचून दाखवायचं, आणि चुकीचं असेल तर वस्तीतल्याच बायकांना घेऊन पुन्हा त्याच टेबलासमोर उभं राहायचं. आमच्याकडे याला ‘पाठपुरावा’ म्हणतात आणि त्या शब्दाला फारसं कुणी नावाजत नाही. मृणालताईंनी त्याचंच राजकारण केलं. मालाड-गोरेगावच्या वस्त्यांत त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले ते यामुळे.

माझं मत विचाराल तर या बिरुदानं त्यांचं थोडं नुकसानच केलं. हंडा घेऊन उभी असलेली बाई लोकांच्या लक्षात राहिली आणि कामकाजाचे नियम पाठ असलेली आमदार मागे पडली.

लाटणं सचिवालयात

१९७२ ची विधानसभा निवडणूक काँग्रेसनं एकतर्फी जिंकली. २७० पैकी २२२ जागा. त्या लाटेत समाजवादी पक्षाच्या मृणालताई निवडून आल्या. समोर एवढं बहुमत असताना मूठभर विरोधकांनी सभागृहात काय करायचं, हा कुठल्याही आमदाराला पडणारा प्रश्न. मतदानानं तर काही जिंकता येणार नव्हतं.

आणि बाहेर दुष्काळ होता. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आजही जुनी माणसं सुकडी, मिलो ज्वारी आणि खडी फोडणं सांगतात. मुंबईत त्याची झळ वेगळ्या रूपानं पोहोचली. गोडं तेल मिळेना, साखर मिळेना, रॉकेलसाठी रांगा, रेशनवर किडका गहू. त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. प्रमिला दंडवते, कमल देसाई अशा आणखीही कितीतरी. ज्यांचे पुरुष नेते एका व्यासपीठावर बसले की पहिल्या दहा मिनिटांत भांडत, त्या पक्षांच्या बायका एकत्र काम करत होत्या. कारण साधं होतं. तेलाच्या भावावर तात्त्विक मतभेद होत नाहीत.

हत्यार निवडलं तेही घरातलंच. लाटणं आणि थाळी. ठरलेल्या वेळी घराघरांतून बायकांनी थाळ्या बडवल्या. ज्या बाईला नवरा मोर्चाला सोडत नव्हता, तीही खिडकीत उभी राहून आंदोलनात आली. मंत्र्यांना घेराव पडले. गोदामं, दुकानं, रेशनिंगची कार्यालयं, बायका सगळीकडे जाऊन थडकल्या. मंत्रालयाला तेव्हा सचिवालय म्हणत. त्या इमारतीत पोळपाट-लाटणं घेऊन शिरलेल्या बायकांना आवरायचं कसं, याचं शिक्षण पोलिसांना मिळालेलं नव्हतं.

पण आमदारकीचा इथे उपयोग काय झाला, तो पाहण्यासारखा आहे. रस्त्यावरची बाई सांगते, दुकानात तेल नाही. मंत्री सांगतो, साठा पुरेसा आहे. दोन्ही वाक्यं हवेत राहतात. मात्र तीच गोष्ट आमदारानं तारांकित प्रश्न म्हणून विचारली की मंत्र्याला आकडा द्यावा लागतो. उपप्रश्नात तो आकडा तपासता येतो. लक्षवेधी लावली की मंत्र्याला निवेदन करावं लागतं. ‘करतो’ म्हणाला तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, आणि विधिमंडळाची आश्वासन समिती पुढे त्याचा जाब विचारू शकते. अंदाजपत्रकावर कपात सूचना देऊन खात्याचा सगळा कारभार चर्चेला घेता येतो. बहुमत नसलेल्यांसाठी ही आयुधं आहेत. ती बोथट आहेत असं म्हणणारे बहुधा ती वापरत नाहीत. मृणालताई सभागृहात बोलत तेव्हा पाठीमागे बाहेरची रांग असे, आणि रांगेशी बोलत तेव्हा हातात सभागृहातलं उत्तर असे. मंत्र्यांना अवघड जायचं ते यामुळे. नुसत्या आवाज चढवणाऱ्या आमदाराला कुठलाही मुरलेला मंत्री सहज गुंडाळतो.

अकोला आणि दिल्ली

आणीबाणी पुकारल्यावर त्या भूमिगत झाल्या, फिरत राहिल्या, नंतर पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटीला ठेवलं. शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगी कैदी आणि समोर दिवसरात्र किंचाळणारी मनोरुग्ण बाई. राजकीय कैद्याला मोडायच्या सरकारी युक्त्यांमध्ये ही एक होती, आणि तेव्हा तिची चर्चा परदेशातही झाली.

१९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही त्या निवडणुकीतली घोषणा अजून लोक हसत हसत सांगतात. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी देऊ केलेलं मंत्रिपद त्यांनी नाकारलं. याचं कौतुक होतं, तसं मला पूर्णपणे करता येत नाही. आरोग्यासारखं खातं त्यांच्या हाती गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. समाजवाद्यांना सत्तेचं सोवळं जरा जास्तच होतं. पण दिल्लीतला तो पसारा दोन-अडीच वर्षांत कोसळला, हेही खरं. मंत्रिपदाचा मोह टाळणाऱ्या बाईकडे निदान परतायला गोरेगाव शिल्लक होतं.

शुक्रवारची दुपार

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. पाच वर्षांचा हा काळ माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा, आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा.

गर्भजल तपासणीचं तंत्र खरं तर गर्भातले जनुकीय दोष शोधण्यासाठी आलेलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरकारनं सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी त्याचा वापर बंद केला. झालं इतकंच की धंदा खासगी दवाखान्यांकडे गेला. लोकलच्या डब्यांत, रस्त्यांवर जाहिराती लागल्या. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तर त्यांतले ४२ जण ही चाचणी करत होते. ती पाहणी प्रसिद्ध झाली आणि ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ म्हणायची सोय संपली. स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते, वकील, काही डॉक्टर यांनी मिळून एक मंच उभा केला होता. त्यांच्याकडे माहिती होती, मसुदा होता. सभागृहाचं दार मात्र त्यांना बंद होतं.

तिथे मृणालताईंनी अशासकीय विधेयकाचा मार्ग धरला. सरकार आणतं ते शासकीय विधेयक, मंत्री नसलेल्या सदस्यानं आणलं की ते अशासकीय. शुक्रवारी कामकाजाच्या शेवटी त्याला वेळ मिळतो. म्हणजे अशी वेळ, की अर्धे सदस्य मतदारसंघाकडे जाणाऱ्या गाडीत बसलेले असतात आणि पत्रकार कक्षही रिकामा व्हायला लागलेला असतो. त्यात क्रम लागला पाहिजे, अधिवेशन तेवढं चाललं पाहिजे, गणपूर्ती असली पाहिजे. एवढ्यातून चर्चा झालीच तर मंत्री उठून म्हणतात की भावना चांगली आहे, सरकार विचार करत आहे, सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. आणि सदस्य घेतात. संसदेत अशा मार्गानं मंजूर झालेला शेवटचा कायदा १९७० सालचा, यावरून काय ते समजा.

तरी हा मार्ग कुणी का धरावा? कारण विधेयक मांडलं की सरकारला भूमिका घ्यावी लागते. ‘विषय गंभीर आहे’ एवढ्यानं भागत नाही. कलम समोर असतं, त्याला हो तरी म्हणावं लागतं किंवा नाही तरी. बाहेरचा मंच दवाखान्यांसमोर निदर्शनं करत होता, मुली आणि पालक यांचे मोर्चे काढत होता, वर्तमानपत्रांत लिहीत होता. आत विधेयक होतं. आरोग्य सचिव डी. टी. जोसेफ यांच्यासारखा अधिकारी विषयाकडे गांभीर्यानं पाहणारा होता. तीन बाजूंनी दाब आला आणि सरकारनं स्वतःचं विधेयक आणलं. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला. असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये.

म्हणजे मृणालताईंचं विधेयक कायदा झालं नाही. ज्या कायद्याला त्यांनी ओढून आणलं त्यावर नाव सरकारचं. विरोधी आमदाराच्या यशाचा हा नेहमीचा आकार आहे. त्याची पाटी कुठे लागत नाही.

तो कायदा पुरता मनासारखा होता असंही नाही. खासगी केंद्रांवर सरसकट बंदी घालण्याऐवजी त्यांना परवाने द्यायची तरतूद त्यात राहिली. मंचातल्या कार्यकर्त्यांचा याला विरोध होता आणि पुढच्या वर्षांत त्यांची भीती खरी ठरली. परवाना भिंतीवर लागला आणि सोनोग्राफीचं यंत्र गावोगाव पोहोचलं. पण त्या कायद्यातल्या चुका दिसल्या म्हणूनच केंद्राच्या कायद्यावर आणि २००३ च्या दुरुस्तीवर झगडता आलं.

याच कार्यकाळात, १९८८-८९ मध्ये, त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. त्यांच्याआधी प्रतिभा पाटील त्या खुर्चीवर बसल्या होत्या. विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याचा दर्जा, गाडी, दालन मिळतं. ताईंच्या बाबतीत लोकांना ते आठवत नाही. आठवतं ते त्यांचं सुती पातळ आणि चढा आवाज.

दिंडोशीचे बासष्ट एकर

गोरेगाव पूर्वेला, द्रुतगती महामार्ग ओलांडून चित्रनगरीच्या दिशेनं चढ लागला की नागरी निवारा वसाहत येते. मी गेले तेव्हा सकाळची शाळेची वेळ होती. रिक्षा, दप्तरं, भाजीवाले. एकसारख्या, फार उंच नसलेल्या इमारती, मध्ये बऱ्यापैकी झाडं. मुंबईच्या मानानं आकाश जास्त दिसतं. सोसायटीच्या कट्ट्यावर बसलेल्या एका आजींनी सांगितलं की त्यांनी पैसे भरले तेव्हा इथे नुसता डोंगर आणि गवत होतं, आणि माहेरचे लोक म्हणत होते की पैसे बुडाले. त्यांचे यजमान गिरणीत होते. घर हाती यायला वर्षं गेली, दर थोड्या महिन्यांनी सभा असायची आणि सभेला ताई असायच्याच. चिडून बोललं तर ऐकून घ्यायच्या, पण पैसे द्यायला उशीर केला तर ओरडायच्याही.

ही वसाहत उभी राहिली ती एका कायद्याच्या कलमावरून. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानुसार मुंबईत कुणालाही ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. जास्तीची सरकारनं घ्यायची आणि गरजूंच्या घरांना द्यायची, असा हेतू. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमात सूट द्यायचीही सोय होती. कायदा दारातून आला आणि सूट खिडकीतून बाहेर गेली. मुंबईभर मोठमोठे भूखंड या कलमाखाली मोकळे सुटत राहिले. १९८३ मध्ये मृणालताई, बाबूराव सामंत, प. बा. सामंत आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद स्थापली आणि म्हटलं, कायद्यात घरांसाठी जमीन आहे असं लिहिलंय ना, मग आम्हाला द्या. आम्ही घरं नसलेले लोक आहोत, ही आमची यादी.

मागणीतली खुबी लक्षात घ्या. सरकारनं घरं बांधून द्यावीत असं ते म्हणत नव्हते. जमीन द्या, पैसे आमचे, घरं आम्ही बांधू. भाड्याच्या खोल्यांत, चाळींत राहणारी कुटुंबं सभासद झाली. सरकारशी पत्रव्यवहार, मोर्चे, कोर्टकचेऱ्या हे सगळं झालं आणि दिंडोशीची सुमारे ६२ एकर जमीन मिळाली. तिच्यावर सहा हजारांच्या आसपास घरं उभी राहिली, अल्प उत्पन्न गटाची. बिल्डरशिवाय. मुंबईत हे वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे.

आता तिथल्या सोसायट्यांतही पुनर्विकासाची भाषा ऐकू येते. मूळच्या सभासदांची मुलं आपापल्या नोकऱ्यांमागे दूर गेली आहेत, काही घरं विकली गेली आहेत, आणि विकणाऱ्याला मिळालेला भाव त्याच्या बापानं जन्मभर कमावलेल्या पगारापेक्षा मोठा आहे. हे चूक म्हणता येत नाही. पण असे आणखी भूखंड आता मिळणार नाहीत, कारण तो कायदाच राहिला नाही. केंद्रानं १९९९ मध्ये तो रद्द केला, महाराष्ट्रानं २००७ मध्ये. रद्द करताना जी कारणं दिली गेली त्यांत कायदा नीट राबवला गेला नाही हे एक होतं. ज्यांनी राबवला नाही, त्यांचंच हे म्हणणं.

आजच्या बाकांवर

१९९० नंतर मृणालताई विधानसभेत नव्हत्या. काम थांबलं नाही. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात त्या गुहागरपर्यंत गेल्या, अटक करून घेतली, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. गोरेगावात ‘स्वाधार’चं काम होतंच. घरात मार खाणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी १९८३ पासून चाललेलं. १७ जुलै २०१२ ला त्या गेल्या.

विधानसभेत आता २८८ आमदार बसतात. २०१९ मध्ये त्यांत २४ बायका होत्या, २०२४ मध्ये २१. संसदेनं २०२३ मध्ये तेहतीस टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती केली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली. पालिका आणि जिल्हा परिषदांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणजे नळ, गटार, रेशन यांचं काम केलेल्या हजारो बायका राज्यात आहेत. तिथून विधानसभेपर्यंतची शिडी मात्र पक्षाच्या तिकिटाशी येऊन अडते, आणि तिकीट मागायला गेलं की पहिला प्रश्न असतो खर्च किती करणार. मृणालताईंच्या निवडणुका वर्गणीवर झाल्या. आज एका विधानसभा मतदारसंघात बूथ लावायचे म्हटले तरी वर्गणीनं भागत नाही, हे कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता खासगीत सांगेल.

एक दुसरंही बदललंय. आता आमदाराकडे निधी असतो. त्यातून पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा, कमान, बस थांब्यावर फोटो. लोकही तेच मागतात, कारण ते लगेच दिसतं. नळाला दाब कमी असेल तर टँकर पाठवणं आमदाराला सोपं जातं. चावीच्या वेळापत्रकापर्यंत जायला वेळ लागतो आणि तिथे फोटो निघत नाही. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून जातो तेव्हा टीव्हीवर गोंधळ दिसतो. त्या तासाला यादीत असलेल्या, कुणीतरी वस्तीत फिरून, कागद जमवून, मुदतीत दिलेल्या प्रश्नाचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न टाकणाऱ्या आमदारही आज आहेत, आणि त्यांची कामगिरी मोजणारं प्रगतिपुस्तक मतदाराच्या हाती मात्र पडत नाही.